एक कीबोर्ड, एक मॉनिटर आणि दोन संगणक : केव्हीएम स्विच जोडताना या चुका टाळा

घरून काम करणाऱ्या अनेकांच्या टेबलावर आता दोन संगणक असतात, एक कंपनीने दिलेला लॅपटॉप आणि दुसरा घरचा डेस्कटॉप. दोन्हींसाठी कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर यांचा एकच संच वापरायचा असेल, तर मध्ये केव्हीएम स्विच नावाची छोटी पेटी बसवतात आणि बटण दाबून एका संगणकावरून दुसऱ्यावर जातात. ही पेटी चालत नाही अशी तक्रार पुष्कळांची असते, पण दोष बहुधा तिच्या आजूबाजूला असतो. पेटीतून दोन स्वतंत्र गोष्टी जातात : मॉनिटरकडे जाणारे चित्र आणि कीबोर्ड-माउसची यूएसबी जोडणी. यांपैकी नेमके काय अडले आहे, हे न पाहता सगळ्या वायरी उपसून पुन्हा लावणे ही पहिली आणि सर्वांत वेळखाऊ चूक होय.

हे ओळखायला सोपी खूण आहे. पडदा काळा असताना कॅप्स लॉक दाबून पाहावे. वायरच्या साध्या कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा संगणकाच्या हुकमाने लागतो. म्हणून तो लागत-विझत असेल, तर संगणक जागा आहे, यूएसबीची बाजू ठीक आहे आणि शोध चित्राच्या बाजूला घ्यायचा आहे. दिवा हललाच नाही, तर संगणक झोपलेला आहे की यूएसबीची वायर सैल आहे, हे आधी पाहावे.

खोक्यावरचे ‘४के’

खरेदीतली नेहमीची चूक म्हणजे खोक्यावर ‘४के’ (सुमारे चार हजार बिंदू रुंदीचे बारीक चित्र) छापलेले पाहून निश्चिंत होणे. एचडीएमआय या चित्र नेणाऱ्या जोडणीच्या १.४ या जुन्या आवृत्तीतूनही ४के चित्र जाते, पण सेकंदाला जेमतेम ३० वेळा. ६० वेळा हवे असेल तर एचडीएमआय २.० लागते. ३० हर्ट्‌झवर चित्र सुरेख दिसते, मात्र माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो आणि दोष माउसवर ढकलला जातो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि तिथून अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडले की प्रत्यक्ष किती हर्ट्‌झ मिळत आहेत ते दिसते. संगणकाचे पोर्ट, दोन्ही केबली, पेटी आणि मॉनिटर यांत जे सर्वांत जुने असेल, त्याच्याच मर्यादेत सगळे चालते. नवी पेटी आणून जुनी केबल तशीच ठेवली, तर पैसे वाया जातात.

दोन्ही संगणकांपैकी एकाचेच चित्र लुकलुकत असेल किंवा मधूनच जात असेल, तर पेटीत शिरणाऱ्या दोन चित्र-केबलींची संगणकाकडची टोके आपसांत बदलावीत. आता बिघाड दुसऱ्या संगणकावर गेला, तर दोष केबलीत किंवा पेटीच्या त्या पोर्टमध्ये आहे. जुन्याच संगणकावर राहिला, तर त्या संगणकाचे पोर्ट किंवा सेटिंग तपासावे. पहिल्या प्रकारात पेटीकडची टोकेही बदलून पाहिली, की केबल दोषी की पोर्ट, हेही कळते. केबलींच्या लांबीचा हिशेबही एकत्र करायचा असतो, कारण साधी पेटी सिग्नलला नवे बळ देत नाही. संगणकापासून पेटीपर्यंत आणि पेटीपासून मॉनिटरपर्यंतचे अंतर मिळून एकच केबल समजावी आणि ती शक्य तितकी आखूड ठेवावी.

अ‍ॅडॅप्टरच्या बाबतीतही गल्लत होते. डिस्प्लेपोर्ट या चित्राच्या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीवरून एचडीएमआयकडे नेणारे स्वस्त अ‍ॅडॅप्टर एकाच दिशेने चालते. संगणकाला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल, तर वेगळा, वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे म्हणून त्यातून चित्र येईलच असेही नाही. काही टाइप-सी पोर्ट केवळ डेटा आणि चार्जिंगपुरते असतात.

बटण दाबले की खिडक्या विस्कटतात

लॅपटॉपचा स्वतःचा पडदा उघडा ठेवून मोठा मॉनिटर पेटीला जोडणाऱ्यांची ही मुख्य डोकेदुखी असते. मॉनिटर जोडला जाताच, पाहुण्याने दारात नावगाव सांगावे तशी, तो आपली कंपनी, रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट यांची माहिती संगणकाला कळवतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. साध्या पेटीत बटण दाबताच हा संपर्क तुटतो, संगणकाला मॉनिटर काढून घेतल्यासारखे वाटते आणि तो मोठ्या पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या गोळा करून लॅपटॉपच्या पडद्यावर आणून टाकतो. ईडीआयडी इम्युलेशन असलेली पेटी ही माहिती स्वतःच दोन्ही संगणकांना सतत देत राहते. अशी पेटी महाग पडते, पण दिवसातून अनेकदा इकडून तिकडे जाणाऱ्याने त्या पैशात काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साधी पेटी आधीच घेतली असेल, तर विंडोज ११ च्या मल्टिपल डिस्प्लेज या भागात मॉनिटरनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो सुरू करावा. त्रास पूर्ण जात नाही, पण बराच कमी होतो.

कोणते यूएसबी कुठे

अनेक पेट्यांवर कीबोर्ड आणि माउस यांची चित्रे काढलेली दोन वेगळी पोर्टे असतात आणि शेजारी साधी यूएसबी पोर्टे असतात. कीबोर्ड-माउसची चित्रे असलेल्या पोर्टांवर पेटी कीबोर्डचे बोलणे स्वतः ऐकते, म्हणूनच स्क्रोल लॉक दोनदा दाबून संगणक बदलता येतो. मात्र रंगीत दिव्यांचे गेमिंग कीबोर्ड, जादा बटणांचे माउस आणि काही वायरलेस रिसीव्हर तिथे अर्धवट चालतात. ते साध्या पोर्टात लावावेत. मग कळ दाबून बदलण्याची सोय जाते आणि पेटीवरचे बटण वापरावे लागते. छोट्या कीबोर्डांना स्क्रोल लॉकची कळच नसते, हे खरेदीपूर्वी पाहिलेले बरे.

वायरलेस माउस धक्के खात चालत असेल, तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३.० च्या पोर्टाला चिकटून आहे का ते पाहावे. त्या जोडणीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो आणि माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलने रिसीव्हर थोडा दूर नेला की बहुधा काम भागते.

पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क मात्र पेटीला लावूच नये. बटण दाबणे म्हणजे ती चालू कामातून उपटून काढणे होय, आणि त्या क्षणी फाइल लिहिली जात असेल तर ती खराब होऊ शकते.

पेटीशिवाय

माउस विदाउट बॉर्डर्स किंवा इनपुट लीप यांसारख्या सॉफ्टवेअरने नेटवर्कवरून एकच कीबोर्ड-माउस दोन संगणकांना पुरवता येतो, परंतु मॉनिटरचा प्रश्न त्यातून सुटत नाही; बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या, पडद्यावरही त्याचा उपयोग नाही. कंपनीच्या लॅपटॉपवर असे सॉफ्टवेअर आयटी विभागाला न विचारता टाकू नये, कारण तुमची प्रत्येक कळ त्यातून जाते. दोन इनपुट असलेला मॉनिटर असेल, तर दोन्ही संगणक त्याला थेट जोडून केवळ कीबोर्ड-माउससाठी स्वस्त यूएसबी स्विच घेणे हा मला सर्वांत कमी कटकटीचा मार्ग वाटतो. अशा वेळी मॉनिटरच्या मेनूतील इनपुट आपोआप शोधण्याची सोय बंद करावी, नाहीतर एक संगणक झोपताच पडदा विनाकारण दुसऱ्याकडे उडी मारतो.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कळफलकाची भाषा कीबोर्डमध्ये नसून प्रत्येक संगणकात वेगळी ठरते, त्यामुळे इनस्क्रिप्ट (मराठी टंकनाची कळरचना) दोन्हीकडे बसवावे लागते आणि एकीकडे मराठी चालू असली तरी दुसरीकडे इंग्रजी असू शकते. पेटीवरून बदल केल्यानंतर अचूक पासवर्डही नाकारला जात असेल, तर लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यातली भाषेची खूण आधी पाहावी.