आवर्तसारणी मांडण्याआधी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आवर्तसारणी मांडणार असाल, तर कार्डशीट-स्केचपेनचं सांगत बसत नाही, नागपूरच्या बर्डीवरच्या बाजारात सगळं मिळतं. आधी कोपऱ्यात एक नमुना चौकट काढा, मोठी. कोणता आकडा अणुअंक (केंद्रकातले प्रोटॉन किती ते), कोणता अणुवस्तुमान, बाण काढून लिहा. गेल्या वर्षी आमच्या तक्त्यावर तीच नव्हती. परीक्षकांनी लोखंडाच्या 26 आणि 55.85 वर बोट ठेवलं आणि पोट्टे एकमेकांकडे पाहत राहिले. म्हणून नमुना चौकट आधी, रंगरंगोटी नंतर.

मूलद्रव्यं 118, आडवी आवर्तं सात, उभे गण अठरा. मुख्य तक्त्याखाली वेगळ्या काढतात त्या लॅन्थॅनाइड-अ‍ॅक्टिनाइड मूलद्रव्यांच्या दोन ओळींना जागा सोडा, नाहीतर कागदाला ठिगळ लावावं लागतं.

क्रम अणुअंकाचा, वस्तुमानाचा नाही. 39.95 चा अरगॉन 39.10 च्या पोटॅशियमआधी बसतो, आणि कुणीतरी हुशार पाहुणा "चुकलं" म्हणतोच. भौतिकशास्त्रज्ञ मोस्लेने 1913 मध्ये हा घोळ मिटवला, एवढं उत्तर तयार ठेवा. तेही नमुना चौकटीवर बोट ठेवूनच द्या, नाहीतर कोणता आकडा चढत चाललाय तेच समोरच्याला कळत नाही.

खरे नमुने लावायचे असतील तर तांब्याची तार, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, गंधक चालेल. पितळ नाही, मीठ नाही. एक संमिश्र, दुसरं संयुग. मनसरचा मँगनीजचा काळा, हाताला जड लागणारा दगड प्रत्येकालाच ठेवावासा वाटतो. आपल्याच जिल्ह्यातला आहे, ठेवा की! पण ते धातुक आहे, निव्वळ मँगनीज नाही, तसं चिठ्ठीवर लिहा. आणि एमएन म्हणजे मँगनीज, एमजी म्हणजे मॅग्नेशियम. 25 चा दगड 12 च्या घरात चिकटवू नका. थर्मामीटर फोडून पारा काढायचा नाही. बिलकुल नाही.

25 अंशांना द्रव फक्त पारा आणि ब्रोमीन. गॅलियम 29.76 अंशांना वितळतं, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात टेबलावरच त्याचा थेंब होईल; तरी तक्त्यावर ते स्थायूच रंगवा. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने ज्यांच्यासाठी जागा रिकामी सोडली होती त्यांतलंच हे, सापडलं 1875 मध्ये.

अणुत्रिज्या आवर्तात उजवीकडे घटते, कारण इलेक्ट्रॉनांचं बाहेरचं कवच तेच राहून केंद्रकाचा प्रभार वाढतो आणि इलेक्ट्रॉन आत ओढले जातात. गणात खाली कवचं वाढतात, अणूही मोठा होतो. संयुजा, हॅलोजन, निष्क्रिय वायू पुस्तकातून बघा.

आदल्या रात्री नमुना चौकट पुन्हा तपासा. टाचण्या, सुतळी, चिकटपट्टी. तक्ता गुंडाळून न्या, घडी घालू नका.