ओहोळाचं पाणी आताच अडवा: मुरबाड-शहापूरच्या पाड्यांसाठी

हळवं (लवकर पिकणारं) भात झोडून झालं, निमगरवं (मध्यम मुदतीचं) कापणीला आलं. ओहोळावर बांध घालायची हीच वेळ. दिवाळी उरकू दे, मग बघू, म्हणत थांबलात तर धार करंगळीएवढी उरते. आपल्याकडे २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण खाली काळा कातळ आणि तीव्र उतार, पाणी थांबतच नाही. भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात.

वनराई बंधाऱ्याला, म्हणजे गोण्या रचून घातलेल्या कच्च्या बांधाला, लागतात रिकाम्या सिमेंटच्या गोण्या आणि पाड्याचं श्रमदान. जागा मात्र नीट बघा: ओहोळ अरुंद, दोन्ही काठ घट्ट, वरच्या अंगाला पात्र सपाट. तळाची सैल वाळू आणि पालापाचोळा पार खरवडून काढा. इथे आळस केला की पाणी खालून निघून जातं आणि सगळी मेहनत वाया. गोण्या वाळू-मातीने पाऊण भरून तोंड शिवा, विटांसारखे सांधे चुकवून रचा. तळ रुंद, माथा निमुळता. फटींत आणि पाण्याच्या बाजूला चिकणमाती चांगली दाबा. उंची मीटर-सव्वा मीटर पुरे. मधला भाग थोडा खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी काठ न कापता मधूनच जाईल.

वरच्या आणि खालच्या पाड्याने आधी एकत्र बसायला हवं, हे मी आग्रहाने सांगतो. खालच्यांची गुरं याच ओहोळावर पितात, तेव्हा बांधावरून धार चालू राहिलीच पाहिजे. भाजीसाठी पंप लावणाऱ्यांनी पाळी ठरवून घ्या. एका मोठ्या बांधापेक्षा ओळीने तीन-चार लहान बरे. आजूबाजूच्या विहिरींनाही पाझर मिळतो.

खाचरात ओल आहे तोवर वाल पेरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण वाल’ वाण आपल्या भागासाठीच आहेत. दर किलो बियाण्याला २५ ग्रॅम रायझोबियम (जिवाणू खत) चोळून सावलीत सुकवा. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना ओहोळाचं एकेक पाणी देता आलं तर दाणा चांगला भरतो. मावा दिसू लागताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. रासायनिक औषध मारलंच, तर पंप ओहोळात कधीही धुऊ नका. खाली डवऱ्यातून, म्हणजे पात्रात खणलेल्या खड्ड्यातून, बायका पिण्याचं पाणी भरतात.

मे संपायच्या आत गोण्या काढून घ्या. राहिल्या तर पहिल्याच पुरात फाटतात आणि प्लास्टिकचे तुकडे खालच्या खाचरांत जाऊन बसतात.