लेते नदीचा तराफा : या चुका टाळा

'फायनल फँटसी सिक्स' हा गेम १९९४ सालचा, पण २०२२ मध्ये त्याची नव्याने सजवलेली आवृत्ती 'पिक्सेल रीमास्टर' आल्यापासून गेममधल्या लेते नदीवर आपटणाऱ्यांची नवी तुकडी तयार झाली आहे. रिटर्नर्स या बंडखोर गटाच्या गुप्त तळामागून तराफा सुटतो. पार्टीतला लॉक आधीच साउथ फिगारो शहराकडे निघालेला असतो. तराफ्यावर चौघं : टेरा, एडगर, सेबिन आणि म्हातारा बॅनन. पाणी तुम्हाला ओढत नेतं, मध्येच जलचर अंगावर येतात आणि फाट्यावर दिशा विचारली जाते. दिसायला अगदी जत्रेतल्या पाळण्यासारखं.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते बॅननमुळे. "पडला तर फिनिक्स डाउन (पडलेल्याला उठवणारी वस्तू) टाकू" या हिशेबात राहू नका. बाकीचे तिघे पडले तरी उठवता येतात. बॅनन पडला की तिथेच गेम ओव्हर. म्हणून तळावरच मेनू उघडून त्याला मागच्या रांगेत ढकला. शारीरिक हल्ल्याचा मार निम्म्यावर येतो. खरं तर चौघांनाही मागेच बसवा. टेराची जादू, एडगरची हत्यारं, सेबिनचे ब्लिट्झ (बटणांच्या क्रमाने मारायचे खास डाव) यांचा जोर मागून कमी होत नाही, मग पुढे उभं राहून छाती कशाला दाखवायची? हे सगळं तराफ्यावर चढण्याआधी करायचं. एकदा प्रवाहात पडलात की लढायांच्या मधे आवराआवर करायला उसंत नाही. वाटेत सेव्ह पॉइंट येतो तिथेच काय ती.

औषधांच्या बाटल्या उधळणारेही पुष्कळ. बॅननकडे 'प्रे' ही प्रार्थनेची कमांड आहे, एका दमात सगळ्या पार्टीला बरं करतो आणि एमपी (जादूसाठी खर्च होणारे गुण) लागतच नाही. त्याने दर पाळीला प्रार्थनाच करावी. त्याच्या हातच्या काठीने शत्रू मरेल ही आशा सोडा.

आता त्या प्रसिद्ध युक्तीबद्दल. नदीच्या एका फाट्यावर वरची दिशा घेतली की तराफा फिरून मागच्याच पाण्यात येतो. म्हणजे लढाया कधी संपतच नाहीत. सेटिंगमध्ये कर्सर 'मेमरी'वर ठेवायचा, म्हणजे प्रत्येकाची मागची निवड लक्षात राहते, बटणावर वजन ठेवायचं, झोपायचं, सकाळी लेव्हल वाढलेली. मीही केलं. कंट्रोलरला रबरबँड, त्याखाली दोन रुपयांचं नाणं. सकाळी पडद्यावर गेम ओव्हर. कर्सर मेमरीवर ठेवला होता, पण पहिल्या लढाईत बॅननचा कर्सर 'प्रे'वर नेऊन ठेवायचा राहिला. गडी रात्रभर काठी मारत बसला. युक्ती करायचीच असेल तर आधी दोन-तीन लढाया हाताने खेळा, प्रत्येकाचा कर्सर योग्य जागी बसलाय याची खात्री करा आणि सेव्ह पॉइंटवर सेव्ह केल्याशिवाय उठू नका.

पण माझं स्पष्ट मत, ती करूच नका. झोझो शहरानंतर एस्पर (सोबत बाळगायचे जादुई जीव) मिळू लागतात, आणि त्यातले बरेच एस्पर अंगावर असताना लेव्हल वाढली की ताकद, जादू वगैरे आकडे कायमचे वर जातात. नदीवर कमावलेल्या लेव्हलला हा जोड मिळत नाही. तो गेला तो गेलाच. वर नंतर येणारी मंडळी पार्टीच्या सरासरी लेव्हलनुसार सामील होतात, म्हणजे त्यांचीही लेव्हल तुम्ही फुकट चढवून ठेवता. नुसती गोष्ट बघायची असेल तर हा हिशेब विसरा. मात्र पात्रं घडवण्याची हौस असेल तर या फाट्यावर जास्त रेंगाळू नका. सेबिनला सहाव्या लेव्हलला ऑराबोल्ट हा ब्लिट्झ मिळतो, तेवढा हाताशी असला की पुरे.

शेवटी अल्ट्रॉस, तो वाह्यात ऑक्टोपस. एचपी (जीवाचे गुण) ३००० आणि आगीला कच्चा. टेराने 'फायर', एडगरने ऑटोक्रॉसबो हे हत्यार, सेबिनने ऑराबोल्ट, बॅननने 'प्रे'. बस. त्याच्या शाईने डोळे गेले म्हणून आयड्रॉप (डोळ्यांचं औषध) शोधत बसू नका. मूळ सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावरच्या आवृत्तीत तर एका बगमुळे आंधळेपणाने नेम चुकतच नव्हता! ब्लिट्झ फुकट जात असेल तर कमांड निवडल्यावर दिशा सावकाश दाबा आणि शेवटी पुष्टीचं बटण विसरू नका. घाईत लोक तेच विसरतात.

अल्ट्रॉस हरला की सेबिन त्याच्यामागे पाण्यात उडी घेतो आणि वाहून जातो. इथे "आपलं काहीतरी चुकलं" म्हणून गेम पुन्हा लोड करणारे मी पाहिले आहेत. तसं काही नाही, गोष्टच तशी आहे. त्याच्या अंगावरचं सामान त्याच्यासोबत जातं आणि तो पुढे स्वतःच्या भागात भेटतो. मग एक मूगल (गेममधला केसाळ छोटा प्राणी) विचारतो, आधी कोणाची वाट धरायची. टेराची धरलीत तर पुन्हा हीच नदी, यावेळी तिघंच, आणि बॅननचा नियम तोच. नार्श हे शहर गाठेपर्यंत त्याला मागच्या रांगेतून हलवू नका.