ओंजळ, मूठ, चिमूट : बालवाडीत हातांनी शिकण्याचे उपक्रम कसे घ्यावेत

मराठीत आपण मीठ चिमूटभर घेतो, तांदूळ मूठभर घेतो आणि पाणी ओंजळभर पितो. तीन ते सहा या वयातले मूल हाताच्या याच मापांमधून, पण उलट दिशेने, म्हणजे ओंजळीकडून चिमटीकडे प्रवास करत असते. तीन वर्षांचे मूल खडू पूर्ण मुठीत आवळून धरते आणि त्याची रेघ खांद्यातून येते. पुढे मनगट मोकळे होते, बोटे एकेकटी हलू लागतात आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट यांची चिमूट जमते. पेन्सिल धरायला लागते ती हीच चिमूट. म्हणून माझे ठाम मत असे आहे की बालवाडीतील उपक्रमांची आखणी विषयांनुसार करण्याऐवजी हाताच्या या क्रमाने करावी. त्यात भाषा, गणित आणि परिसराची ओळख आपोआप येत जाते. ज्या वर्गात पहिल्याच महिन्यात चार रेघी वही उघडली जाते, तिथे मुलांची बोटे दुखतात आणि लिहिण्याची नावड तिथूनच सुरू होते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. गुजरातमधील शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले आणि ताराबाई मोडक त्यांच्या कामात सहभागी झाल्या. पुढे १९४५ साली ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. मुलांना खास साधने हाताळत शिकू देणाऱ्या मोंटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून या दोघींनी बिया, शंखशिंपले, पाने, माती आणि रोजच्या वापरातील वस्तू यांनाच शैक्षणिक साधनांचा दर्जा दिला. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. म्हणूनच साधने विकत घेता येत नाहीत, या कारणासाठी कोणी थांबू नये. खाली सांगितलेले जवळजवळ सर्व काही स्वयंपाकघरात, अंगणात किंवा कुंभाराकडे मिळते.

मांडणी

वीस ते पंचवीस मुलांच्या वर्गात एकच उपक्रम सर्वांना एकाच वेळी दिला, तर पाच मुले करतात आणि बाकीची वाट पाहतात. त्यापेक्षा वर्गात चार जागी चटया घालाव्यात, प्रत्येक चटईवर पाच-सहा मुलांपुरते साहित्य ताटात मांडून ठेवावे आणि मुलांना साधारण चाळीस मिनिटे त्या जागांमधून आपल्या मर्जीने फिरू द्यावे. एका चटईवर एकाच प्रकारचे काम असावे. नवीन काम दिवसाला एकच द्यावे, बाकी तीन ओळखीची असावीत. मुलाला तेच काम दहा दिवस करावेसे वाटले, तर करू द्यावे, कारण आपल्याला जी पुनरावृत्ती वाटते, ती त्याच्या बोटांच्या दृष्टीने प्रगती असते.

नवीन काम दाखवताना शिक्षिकेने मुलांच्या शेजारी बसावे, ते एकदा अगदी सावकाश आणि शक्यतो न बोलता करून दाखवावे आणि मग हात मागे घ्यावेत. मुलाने पाणी सांडले की फडके घेऊन धावण्याचा मोह होतो. तो आवरून फडके मुलाच्या हाताशी ठेवावे. पुसणे, पिळणे आणि वाळत घालणे हाही त्याच कामाचा भाग आहे, आणि पिळताना दोन्ही मनगटे उलटसुलट फिरतात, तेवढा व्यायाम दुसऱ्या कशात क्वचितच होतो.

ओतणे आणि पाणी

सुरुवात कोरड्या वस्तूंनी करावी. दोन फुलपात्रे आणि एकात अर्धे भरतील एवढे राजमा किंवा वालाचे दाणे, एवढेच ताटात ठेवावे. दाणे मोठे असल्यामुळे ओतताना आवाज येतो, सांडलेले सहज दिसतात आणि वेचता येतात. हे जमले की तांदूळ द्यावेत आणि तांदूळ सांडायचे थांबले की पाणी द्यावे. पाण्यासाठी चोच असलेले छोटे भांडे निवडावे, कारण रुंद तोंडाच्या तांब्यातून ओतणे मोठ्यांनाही नीट जमत नाही. त्यानंतर पळीने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत पाणी घेणे, गाळणीतून ओतणे आणि स्पंज बुडवून पिळणे ही कामे क्रमाने येतात.

पाच वर्षांच्या मुलांसमोर दोन सारखे उंच पेले आणि एक पसरट वाटी ठेवावी. मुलांसमक्ष दोन्ही पेल्यांमध्ये सारखे पाणी घ्यावे, मग एकातले वाटीत ओतावे आणि जास्त पाणी कशात आहे ते विचारावे. बहुतेक मुले पेल्याकडे बोट दाखवतात. पाणी तेवढेच राहते ही समज साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पक्की होते, असे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवले आहे. त्यामुळे इथे उत्तर दुरुस्त करू नये, फक्त पाणी परत पेल्यात ओतून दाखवावे आणि मुलांना बोलू द्यावे. घाईने सांगितलेले बरोबर उत्तर मूल पाठ करते, पण त्याचा विश्वास डोळ्यांवरच असतो.

बुडणे-तरंगणे हा उपक्रम सगळीकडे घेतला जातो, पण त्यात बहुधा एक पायरी गाळली जाते. वस्तू पाण्यात टाकण्याआधी मुलांनी अंदाज करून ती ‘बुडेल’ किंवा ‘तरंगेल’ अशा दोन ताटल्यांपैकी एकीत ठेवायला हवी. सुपारी, किल्ली, करवंटी, बाटलीचे बूच, लिंबू आणि खडा एवढ्या वस्तू पुरतात. हिवाळ्यात संत्री आली की एक संत्रे सालीसकट आणि एक सोलून द्यावे. सालीसकट असलेले तरंगते आणि सोललेले बुडते, कारण सालीच्या सच्छिद्र पांढऱ्या थरात हवा असते. मुले सालीचे तुकडे स्वतः पाण्यात टाकून पाहू लागतात, तेव्हा त्यांना थोडा वेळ एकटे सोडावे, म्हणजे प्रश्न विचारू नयेत, असा माझा अर्थ आहे. पाण्याजवळून शिक्षिकेने किंवा मदतनीस ताईंनी क्षणभरही दूर जायचे नसते. लहान मूल उथळ बादलीतही बुडू शकते, म्हणून पसरट परातीत चार बोटे पाणी घ्यावे आणि काम संपताच ते झाडांना घालावे.

माती

मुठीचे सर्वांत चांगले काम मातीचे आहे. कुंभाराकडून चिकणमाती आणावी, खडे काढून रात्रभर भिजवावी, सकाळी मळून ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावी. हाताला चिकटत नाही आणि वळताना चिरत नाही, अशी माती झाली की ती तयार झाली असे समजावे. पहिल्या दिवशी कोणतीही वस्तू करायला सांगू नये. दाबणे, थापणे, तोडणे आणि पुन्हा गोळा करणे यात मुलांचे दोन-तीन दिवस सहज जातात. नंतर गोळा, मग दोन तळव्यांमध्ये वळलेली लांब वळी, मग ती गुंडाळून केलेली वाटी असा क्रम ठेवावा. वळी वळता येऊ लागली की मुले स्वतःच तिची अक्षरासारखी वेटोळी करतात, आणि अ किंवा ग मातीचा करून त्यावरून बोट फिरवणे हे वहीत गिरवण्यापेक्षा कितीतरी अधिक लक्षात राहते.

मातीऐवजी कणकेचा गोळाही चालतो. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे पाणी घालून तो मळला, तर मिठामुळे काही दिवस टिकतो. मात्र ज्या वस्तीत घरी कणीक मोजून वापरली जाते, तिथे ती खेळायला देणे मला योग्य वाटत नाही. तिथे मातीच वापरावी, किंवा खरोखरची पोळी लाटायला द्यावी आणि भाजून मुलांनाच खायला घालावी.

निवडणे, सोलणे, ओवणे

मराठी स्वयंपाकघरात चिमटीच्या कामांना स्वतंत्र शब्द आहेत. आपण धान्य निवडतो, मटार सोलतो, लसूण सोलतो, मेथी खुडतो आणि फुले ओवतो. ही सगळी कामे वर्गात आणावीत आणि करताना हेच शब्द वापरावेत, कारण शब्द हातातल्या कामाबरोबर आला की तो शिकवावा लागत नाही.

वर्गीकरणासाठी आधी दोनच प्रकार मिसळावेत, उदाहरणार्थ राजमा आणि चवळी. नंतर तीन-चार प्रकार करावेत आणि शेवटी मूग व मटकी यांसारखे आकाराने जवळचे दाणे द्यावेत. पाच वर्षांच्या मुलांना निवडण्याचा नियम स्वतः ठरवू द्यावा. मी एकदा अंगणातली पाने निवडायला दिली, तेव्हा मला रंग किंवा आकार अपेक्षित होता. एका मुलीने मात्र ‘चुरगळल्यावर वास येणारी’ आणि ‘न येणारी’ असे दोन ढीग केले. तिच्या ढिगांमुळे त्या आठवड्यात तुळस, कढीपत्ता, लिंबाची पाने आणि गवती चहा असा वासांचा संपूर्ण उपक्रम उभा राहिला.

ओवण्यासाठी खराट्याचा हीर घ्यावा, त्याचे टोक घासून बोथट करावे आणि झेंडूची फुले द्यावीत. एक पिवळे, एक केशरी असा माळेचा क्रम सुरू करून दिला, तर पुढचे फूल कोणते याचा विचार मूल करते, आणि आकृतिबंधाचा गणितातला पहिला पाठ तिथे होतो. रांगोळीची चिमूट हे यापुढचे काम आहे. काळ्या पाटीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर आधी ठिपके, मग ठिपके जोडणारी रेघ, असे करताना बोटांमधून रांगोळी किती सोडायची, यावर जे नियंत्रण येते, तेच पुढे पेन्सिलीवरच्या दाबात उतरते. डावखुऱ्या मुलाला यातल्या कोणत्याही कामात उजव्या हाताकडे वळवू नये.

मोजण्याचे कामही हातानेच सुरू करावे. चटई किती विती लांब आहे, हे प्रत्येकाने मोजावे आणि मग ताईंनी मोजावे. मुलांच्या विती जास्त भरतात आणि ताईंच्या कमी, हे पाहून मुले भांडतात, हात एकमेकांच्या हाताला लावून पाहतात, आणि पट्टीची गरज त्यांची त्यांनाच पटते.

सावधगिरी

तीन वर्षांखालील मूल वर्गात असेल, तर दाणे, मणी व बटणे देऊच नयेत. मोठ्या मुलांनाही साहित्य मोजून द्यावे आणि मोजून परत घ्यावे. माझ्या वर्गात एका मुलाने हरभरा नाकात घातला होता. नाकातल्या ओलाव्याने हरभरा फुगतो, त्यामुळे चिमट्याने काढण्याचा प्रयत्न न करता आम्ही त्याला थेट डॉक्टरांकडे नेले. तेव्हापासून मी त्या चटईपासून उठत नाही. गुंजा दिसायला सुंदर असतात आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी आपल्यापैकी अनेक जण खेळलो आहोत, पण या दोन्ही विषारी आहेत. एरंडाच्या बियाही तशाच. चिंचोके, सीताफळाच्या बिया आणि इतर बिया मुलांनीच गोळा करून आणल्या, तरी त्या ओळखून, धुऊन आणि वाळवूनच ताटात ठेवाव्यात. सीताफळाच्या बिया फोडू देऊ नयेत, त्यांची पूड डोळ्यात गेल्यास इजा होते.

नोंदी आणि पालक

प्रत्येक मुलासाठी एक कागद ठेवावा आणि आठवड्यातून एकदा त्यावर पाहिलेले एखादे वाक्य तारखेसह लिहावे. ‘हुशार आहे’ किंवा ‘लक्ष देत नाही’ असे न लिहिता ‘पळीने सहा वेळा पाणी घेतले, दोनदा सांडले, स्वतः पुसले’ असे लिहावे. तीन महिन्यांनी या नोंदी वाचल्या की पुढचे काम कोणते द्यायचे ते कळते.

‘वहीत काहीच का लिहिलेले नाही?’ हा प्रश्न जुलैअखेर येतोच, आणि तो विचारणाऱ्या पालकांची काळजी खरी असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला आहे आणि तिथे खेळातून व कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे, हे त्यांना सांगावे, पण त्याने समाधान होतेच असे नाही. त्यापेक्षा पालकांना एका सकाळी वर्गात बोलवावे, मुलाशेजारी चटईवर बसवावे आणि त्यांच्या नेहमीच्या नसलेल्या हाताने रांगोळीची सरळ रेघ काढायला सांगावी. आपले मूल कोणत्या कष्टातून जात आहे, ते त्यांच्या बोटांना लगेच कळते. त्यानंतर घरी मटार सोलायला, पोळीचा गोळा वळायला आणि कपडे पिळायला मुलाला सोबत घ्या, एवढीच विनंती करावी.

सुरुवात करणाऱ्या शिक्षिकेने पहिल्या आठवड्यात चारही चटया मांडण्याचा अट्टहास करू नये. एका चटईवर राजमा आणि दोन फुलपात्रे, दुसरीवर माती, आणि बाकीच्या मुलांसाठी गाणी-गोष्टी, एवढे पुरे आहे. कडधान्याचे डबे महिन्यातून एकदा उन्हात ठेवावेत आणि पावसाळ्यात त्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा.