मेल आयडी तुमचा, पासवर्ड कोणाकडे? या चुका टाळा

आमच्याकडे मेल आयडी म्हणजे फॉर्ममधला एक रकाना. त्याच्यासमोर लाल चांदणी असते, म्हणून भरायचा. भरला की विसरायचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. पीकविमा, शिष्यवृत्ती, पॅन, पासपोर्ट, प्रवेश परीक्षा, सगळं चालतं. ‘भाऊ, माहा मेल हॅक झाला’ म्हणत माणूस येतो आणि मी पहिलाच प्रश्न विचारतो, की शेवटचा कधी उघडला होता? उत्तर ठरलेलं असतं. उघडलाच नव्हता. अशांपैकी बऱ्याच जणांचा मेल कोणी हॅक केलेला नसतो, तो पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्याच हातात असतो.

दुसऱ्याने काढून दिलेला मेल आयडी

ही चूक पाहून पाहून माझं डोकं उठलं आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलणार.

जूनमध्ये गर्दी असते. नेट रडत असतं, मधेच लाइन जाते. गावाकडून आलेल्या माणसाचा एक डोळा घड्याळाकडे. ‘कायले पाह्यजे थो मेल? तुमचाच टाकून द्या ना, माही गाडी निंगून जाईन.’ मग दुकानदार एक तर स्वतःचा मेल टाकतो, नाही तर दोन मिनिटांत नवा काढून देतो. पासवर्ड काय? पोराचं नाव, पुढे ॲट, पुढे एक-दोन-तीन. रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरला तर मेल परत मिळवायला, नंबर दुकानदाराचा. त्या आयडीचा कागद ना गिऱ्हाइकाकडे, ना दुकानात. असे मेल आयडी आमच्या तालुक्यात किती असतील ते मोजण्याच्या पलीकडचं आहे.

एक बाप-लेक आले होते. मुलगी बारावी झालेली, प्रवेश परीक्षेचा फॉर्म दुसऱ्या एका दुकानातून भरलेला. हॉल तिकीट काढायचं होतं आणि साइटचा पासवर्ड आठवत नव्हता. ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं की नवा पासवर्ड ठेवायची लिंक मेलवर जाणार. मेल कुठला? त्या दुकानदाराने काढलेला. दुकानदार कुठे? दुकान बंद करून पुण्याला. बापाचा चेहरा पाहवत नव्हता. मी मुलीला म्हटलं, तुझं नाव, ॲट, एक-दोन-तीन टाकून पाहा. उघडला! बाप खूश झाला, मला मात्र घाम फुटला. आम्हाला जो इतक्या सहज उघडता आला, तो दुसऱ्या कोणालाही आला असणार. पाठवलेल्या मेलच्या खान्यात गेलो, तर खालपर्यंत नुसती कर्जाची पत्रं. ‘तुमचं कर्ज मंजूर झालं आहे, प्रोसेसिंग फी भरा.’ पाठवणारी कोण? आमची बारावीची पोरगी! तिने आयुष्यात एकही मेल लिहिला नव्हता.

हॉल तिकीट निघालं, आयडी साफ केला. पण कोणी तक्रार केली असती, तर पोलिसांनी आधी ज्याच्या नावाचा मेल त्याचंच दार वाजवलं असतं.

तुम्ही सातबारा शेजाऱ्याच्या नावावर करून ठेवाल का, आज तहसीलात जायला वेळ नाही म्हणून? मग मेल आयडी का ठेवता?

माझ्या दुकानात रीत अशी आहे. मेल काढायचा तर नंबर गिऱ्हाइकाचा. पासवर्ड त्याने स्वतः टाइप करायचा आणि तेवढा वेळ मी तोंड फिरवतो. ज्याला टाइप करता येत नाही त्याने घरच्या शिकलेल्या पोराला घेऊन यावं. काही जण चिडतात, समोरच्या दुकानात जातात, तिथे दोन मिनिटांत होतं. जाऊ द्या. पासवर्ड कागदावर लिहून घरी पेटीत ठेवा, असंही मी सांगतो. शहरातले जाणकार याला हसतील. पण परदेशात बसलेल्या चोराचा हात तुमच्या पेटीपर्यंत पोचत नाही, आणि एक-दोन-तीनपर्यंत मात्र लगेच पोचतो. आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेल उघडला तर उठण्याआधी लॉगआउट करा. तुमच्या मागे रांगेत कोण उभं आहे, हे तुम्हाला माहीत नसतं.

बंद पडलेला नंबर

पोट्टे पुण्याला, सुरतला कामाला जातात आणि नवं सिम घेतात. इकडे जुन्याला रिचार्ज मारायला पैसे नसतात, म्हणून तो बंद पडतो. बंद केलेला नंबर कंपनी ९० दिवस तसाच ठेवते, त्यानंतर तो दुसऱ्याला देता येतो. म्हणजे तुमच्या मेलची चावी एक दिवस भलत्याच माणसाच्या खिशात जाते. त्याला ते माहीतही नसेल, पण माहीत झालं तर? नंबर बदलला की बँकेच्याही आधी मेलमध्ये बदला, कारण बँकेत तुम्हाला ओळखणारा एखादा तरी बाबू असतो, गूगलमध्ये कोणीच नसतो. दोन वर्षं हात न लावलेलं खातं गूगल काढूनही टाकू शकतं, हा नियम २०२३ पासून आहे. तेव्हा अधूनमधून उघडत जा.

‘मराठी चुकीचं आहे म्हणजे मेल खोटा’

हा सल्ला जुना झाला. आता चोराचं मराठी आपल्या तलाठ्याच्या नोटिशीपेक्षा शुद्ध असतं. व्याकरण तपासत बसू नका, मेल तुमच्याकडून काय करून घ्यायला निघाला आहे ते पाहा. घाई लावत असेल, भीती घालत असेल, लिंक दाबायला सांगत असेल, तर शुद्धलेखन कितीही चांगलं असू द्या.

नाव वाचणं, पत्ता न वाचणं

मेलवर वर ठळक अक्षरांत ‘पीएम किसान’ किंवा ‘आयकर विभाग’ लिहिलेलं असतं. ते नाव पाठवणाऱ्याने स्वतःच्या मनाने टाकलेलं असतं. उद्या मीही ‘जिल्हाधिकारी’ असं नाव टाकून मेल पाठवू शकतो. मोबाईलवर नावाखालच्या बाणाला बोट लावा, खरा पत्ता उघडतो. मात्र पत्ता बरोबर दिसला म्हणूनही लगेच भाळू नका, तोही खोटा दाखवता येतो.

लिंकचं तसंच. लिंक उजवीकडून वाचायची असते, आपण डावीकडून वाचतो आणि तिथेच फसतो. सुरुवातीच्या ‘https://’ मधल्या दोन रेघा सोडून पुढे पहिली तिरकी रेघ येते, तिच्या अगदी आधी काय आहे ते पाहा. ‘पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन’ इथेच संपत असेल तर सरकारी. त्याच्यापुढे आणखी डॉट काहीतरी, डॉट टॉप असं शेपूट असेल तर तो पत्ता त्या शेपटाच्या मालकाचा, आधीचं सरकारी नाव नुसती सजावट. बँकांचं तर आता सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना त्यांच्या वेबसाइट ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं होतं. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचा शेवट तसा नसेल तर बोट मागे घ्या.

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,०००च्या तीन हप्त्यांत, सरळ खात्यात पडतात. ‘तुमचा हप्ता अडकला आहे, इथे दाबा’ असं प्रेमाचं पत्र पाठवून कोणी दाबायला सांगत नाही. केवायसी राहिली असेल तर ती सरकारी साइटवर, ॲपवर किंवा केंद्रात अंगठा लावून होते. हप्ता मिळवण्यासाठी ‘एपीके’ नावाची फाईल उतरवा असं कोणी म्हटलं, मग तो मेल असो की व्हॉट्सॲप, ती फाईल तुमचा मोबाईलच चोराच्या ताब्यात देऊ शकते.

कुलपाचं चित्र दिसतं म्हणजे साइट सुरक्षित? नाही. बोलणं मधे कोणी ऐकत नाही एवढाच त्याचा अर्थ, समोर चोरच बसला असेल तर त्याच्याशीही ते बोलणं खासगीच राहतं.

‘आम्ही तुमचा व्हिडिओ काढला आहे, बिटकॉइन पाठवा.’ अशा धमकीच्या मेलमागे बहुतेक वेळा व्हिडिओ नसतो. उत्तर देऊ नका. त्यात तुमचा खरा पासवर्ड लिहिलेला असेल तर तो कुठल्या तरी साइटवरून फुटलेला आहे, जिथे जिथे वापरत असाल तिथे बदला.

ओळखीच्या सरांच्या मेलवरून ‘दवाखान्यात अडकलोय, पैसे पाठव’ आलं? सरांना फोन लावा. मेललाच उत्तर देऊन खात्री करणारे महाभाग मी पाहिले आहेत.

हॅक झाल्यावर फक्त पासवर्ड बदलणं

ही दुसरी मोठी चूक, आणि ही शिकल्यासवरल्या लोकांची.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका जिनिंगवाल्याचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखानदाराचा मेल कोणीतरी उघडला. यांच्या लक्षात आलं, कारण अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याची सूचना आली. इंजिनियरिंगला असलेल्या भाच्याने फोनवरच पासवर्ड बदलून दिला आणि ‘मामा, झालं काम’ म्हणाला. मामा निश्चिंत. पुढे गाठींचा माल गेला, बिल मेलने गेलं, पैसे काही येईनात. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, तुम्हीच तर नवा खाते नंबर पाठवला, त्यावर केव्हाच आरटीजीएस केले!

झालं असं होतं, की चोराने आत असताना एक फिल्टर लावून ठेवला होता. त्या व्यापाऱ्याकडून येणारा प्रत्येक मेल चोराच्या पत्त्यावर पुढे जायचा आणि यांच्या इनबॉक्समधून गायब व्हायचा. पासवर्ड बदलला तरी फिल्टर आपलं काम करतच राहिला. चोराला आत यायची गरजच उरली नव्हती. त्याने जिनिंगच्या मेलसारखाच, एका अक्षराचा फरक असलेला आयडी काढला आणि व्यापाऱ्याला नवा खाते नंबर कळवला. व्यापाऱ्याने ‘खातं बदललं का?’ असं विचारलंही होतं, पण मेलनेच. ते विचारणं मामापर्यंत पोचलंच नाही. त्या काळी आरटीजीएस करताना खातं कोणाच्या नावावर आहे हे दिसत नव्हतं, नंबर जुळला की पैसे जात. १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी पैसे पाठवण्याआधी नाव दाखवायची सोय द्यायची असं ठरलं. ती वापरा. आणि खाते नंबर बदलल्याचं पत्र आलं तर जुन्या, माहितीच्या फोनवर माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

भाच्याची चूक अशी, की फिल्टर जीमेलच्या मोबाईल ॲपमध्ये दिसत नाहीत. त्याला कॉम्प्युटर लागतो. पण कॉम्प्युटरसमोर बसायला वेळ कोणाला आहे? सगळं अंगठ्यावर पाहिजे.

मी हे काम हाती घेतो तेव्हा आधी मशीन बदलतो. ज्या मोबाईलवर भलती फाईल उतरवली, त्याच्यावरच नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तो चोराला सांगणं. स्वच्छ मशीनवर पासवर्ड बदलायचा, मग गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’त जाऊन ओळखीची नसलेली सगळी डिव्हाइसेस बाहेर काढायची. रिकव्हरीचा फोन आणि मेल आपलाच आहे का ते पाहायचं. मग सेटिंगमध्ये ‘फिल्टर’, ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘अकाउंट्स’ ही तीन पानं, एकेक ओळ वाचत. खात्याला जोडलेली अनोळखी ॲप काढायची. सगळ्यात शेवटी टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर ओळखीचा दुसरा पुरावा मागणारं कुलूप, चालू करायचं. याला वेळ लागतो. मधे मधे ‘झालं का’ विचारणाऱ्याला मी चहा प्यायला पाठवतो.

आत जाताच येत नसेल, चोराने रिकव्हरी नंबरही बदलला असेल, तर गूगलच्या अकाउंट रिकव्हरीच्या पानावर जा, आणि लगेच जा. बदल झाल्यापासून ७ दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड मागवायची संधी मिळू शकते. नेहमीच्या मोबाईलवरून, नेहमीच्या जागेवरून प्रयत्न करा, त्याने ओळख पटायला मदत होते. ‘पैसे द्या, मेल परत मिळवून देतो’ म्हणणारे फेसबुकवर भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. तेही त्याच धंद्यातले.

पैसे गेले असतील तर मेल नंतर, आधी १९३०. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. पैसे अजून पुढच्या खात्यात पडून असतील तर ते तिथेच अडवता येतात, म्हणून तासातासाला किंमत आहे. पाठोपाठ बँकेला कळवा आणि ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर लेखी तक्रार टाका. घरात आधी भांडण, मग सरपंच, मग ओळखीचा हवालदार, आणि दोन दिवसांनी माझं दुकान, हा आमच्याकडचा क्रम आहे. तोवर पैसे कुठल्या कुठे फिरून आलेले असतात.

आणि चोराचा मेल रागाने डिलीट करू नका. बहुतेक जण तेच आधी करतात. तारीख, वेळ, पूर्ण पत्ता दिसेल असा त्याचा फोटो घ्या, व्यवहाराचा नंबर लिहून ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड, म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरवरून केलेली फसवणूक, याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ठाण्यात दाखवायला काहीतरी लागेल ना! ‘प्रिंट कायले? मोबाईलमंधी हाये ना’ म्हणणाऱ्यालाही मी दोन प्रती काढून देतो, एक ठाण्यात द्यायला आणि एक पोच म्हणून शिक्का मारून परत आणायला.