शिकाऊ उमेदवार घेण्याआधी: गोव्यातल्या आस्थापनांसाठी तयारीची यादी

सरकारच्या शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) पोर्टलवर नोंदणी करण्याआधी हजेरीपट उघडा. 30 किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. मोजताना कंत्राटी कामगारही धरायचे, आणि नेमके तिथेच गणित चुकते. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात पगारपत्रकावर 24 आणि ठेकेदाराकडचे 10 असतील, तर आकडा 34 होतो. उमेदवारांचे प्रमाण 2.5 ते 15 टक्के, म्हणजे 120 माणसांमागे किमान 3 आणि जास्तीत जास्त 18.

मग उमेदवार कोणत्या योजनेत बसतो ते ठरवा. आयटीआय झालेले किंवा शाळा संपवून थेट आलेले राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत येतात. तिथे सरकार ठरलेल्या विद्यावेतनाच्या 25 टक्के, पण महिना कमाल 1500 रुपये देते. 2019 च्या दरांनी दहावी पास उमेदवाराला किमान 6000, म्हणजे वाटा पूर्ण 1500. आयटीआयवाल्याला 7000, तरी वाटा 1500 च. दर बदलत असतात, त्यामुळे करार करण्याआधी पोर्टलवर चालू आकडा पाहा. पदवी-पदविकाधारकांसाठी शिक्षण मंत्रालयाची वेगळी योजना आहे, तिचे गोव्याचे काम मुंबईच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाच्या पश्चिम विभागाकडे.

हे पैसे मालकाच्या हातात पडत नाहीत. 2023 पासून प्रोत्साहन योजनेतला सरकारी वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जातो, मालकाने फक्त उरलेली रक्कम द्यायची. म्हणून उमेदवाराचे बँक खाते ही यादीतली सर्वांत महत्त्वाची नोंद. पासबुकाची झेरॉक्स पुरत नाही. खाते आधारशी जोडलेले आहे का, हे त्याला बँकेत जाऊन विचारायला लावा. दोन खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात, आणि मुलगा भलतेच पासबुक घेऊन ‘पैसे आले नाहीत’ म्हणत येतो. पतसंस्थेचे खाते चालत नाही. आधार, दाखला आणि बँक यांतले स्पेलिंग जुळवून घ्या. गोव्यात एकाच आडनावाची तीन स्पेलिंगे सर्रास सापडतात.

आधी माणूस कामाला लावायचा आणि करार सवडीने करायचा, ही सवय सोडा. प्रशिक्षण कराराच्या तारखेपासून धरतात. त्याआधीच्या दिवसांना सरकारी वाटा नाही. उमेदवार 18 वर्षांखालचा असेल तर पालकाची सही लागते. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत बँकेतूनच द्या आणि भरणा लगेच पोर्टलवर नोंदवा. ही नोंद राहिली की सरकारचा हप्ताही अडकतो.

हॉटेलवाल्यांनी एक लक्षात ठेवावे: डिसेंबरच्या गर्दीत उमेदवाराला ओव्हरटाइम लावायचा तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी हवी. उमेदवाराला ईपीएफ लागू नाही, पण कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमचीच, आणि आरोग्य-सुरक्षेच्या कायदेशीर तरतुदीही लागू.

मुदत संपल्यावर नोकरी देणे सक्तीचे नाही. दिलीत, तर पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेत ते नवे पद मोजता येते का पाहा: 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 दरम्यानच्या वाढीव भरतीवर मालकाला माणशी महिना 3000 रुपयांपर्यंत मिळतात. 50 पेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेत त्यासाठी किमान 2 जण वाढायला हवेत आणि ते 6 महिने टिकायला हवेत.