नावापुढची फुली : एलिझाबेथच्या काळातला हस्तलिखित नकाशा वाचताना

जुन्या इंग्लिश नकाशांकडे वळणाऱ्या बहुतेकांची सुरुवात ख्रिस्टोफर सॅक्स्टनपासून होते. होऊ द्या, त्यात वाईट काहीच नाही. यॉर्कशायरच्या या माणसाने १५७४ ते १५७८ या काळात इंग्लंड आणि वेल्स पालथं घातलं आणि १५७९ मध्ये ३४ काउंटी (म्हणजे जिल्हावार) नकाशांचा अ‍ॅटलास काढला. पण सॅक्स्टनचे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले. छापायला जाण्याआधीच खाडाखोड, शंका, मागाहून सुचलेलं असं सगळं पुसलं गेलेलं असतं. नकाशा काढणाऱ्याचं आणि वापरणाऱ्याचं डोकं कसं चालत होतं हे बघायचं असेल तर हाताने काढलेला नकाशा घ्यावा. मी घेतला लँकेशायरचा, साधारण १५९० चा, शाईने काढलेला. तो आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, विल्यम सेसिल म्हणजे लॉर्ड बर्ली याच्या खासगी अ‍ॅटलासमध्ये बांधलेला.

बर्ली हा एलिझाबेथ राणीचा सर्वांत जवळचा मंत्री, १५७२ पासून लॉर्ड ट्रेझरर, म्हणजे राज्याचा खजिनदार. सॅक्स्टनचे नकाशे जसजसे तयार होत तसतसे त्यांचे कच्चे छाप त्याच्याकडे येत आणि तो त्यांच्यावर स्वतःच्या हाताने लिहीत असे: कुठल्या भागात न्यायदानाचं काम कोण बघतो, किनाऱ्यावर शत्रू कुठे उतरू शकेल, असं. सॅक्स्टनचा लँकेशायरचा छापील नकाशा १५७७ चा, म्हणजे हा हस्तलिखित नकाशा झाला तेव्हा तो उपलब्ध होता. मग दुसरा कशाला? माझ्या मते नवख्याने सगळ्यात आधी या प्रश्नावर बसावं. चिन्हांची यादी करायला नंतर भरपूर वेळ असतो.

उत्तरासाठी थोडा इतिहास हवा. एलिझाबेथच्या राज्यात प्रॉटेस्टंट चर्चला जाणं कायद्याने बंधनकारक होतं. १५५९ च्या कायद्याने गैरहजेरीला दर खेपेला १२ पेनी दंड होता. १५८१ मध्ये तो थेट महिन्याला २० पौंड झाला. न जाणाऱ्यांना ‘रेक्युझंट’ म्हणत. लँकेशायर हा कॅथलिकांचा बालेकिल्ला. परदेशी बसून इंग्लंडमध्ये कॅथलिक पाद्री पाठवण्याची यंत्रणा उभी करणारा विल्यम अ‍ॅलन इथल्याच रॉसॉलचा. त्याने १५६८ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या दुए इथे कॉलेज काढलं. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार येऊन गेलं आणि लंडनला धसका बसला, की पुढच्या वेळी शत्रू उतरलाच तर आतून दार कोण उघडेल?

या नकाशावर काउंटीतली मातब्बर घराणी त्यांच्या ठिकाणांसह मांडलेली आहेत आणि काही नावांशेजारी छोट्या फुल्या आहेत. संशयित कॅथलिकांच्या खुणा म्हणूनच त्या वाचल्या जातात. एवढं कळलं की सगळं चित्र फिरतं. वाटसरूला या नकाशाचा काडीचा उपयोग नव्हता. लंडनमध्ये टेबलाशी बसलेल्या एका मंत्र्याला कोण कुठे राहतो, त्याचे शेजारी कोण आणि त्यांपैकी भरवशाचे किती, हे एका नजरेत हवं होतं.

म्हणून मी चिन्हांच्या आधी थर वेगळे करते. त्या काळची शाई मायफळ आणि लोहक्षाराची. काळाने ती तपकिरी होते, पण दोन वेळा दोन दौतींतून आलेली शाई सहसा सारखी उतरत नाही. चांगलं डिजिटल चित्र घ्या, मोठं करा आणि आधी फक्त एवढंच ठरवा: मूळ आराखड्याची रेघ कुठली, नावं लिहिणारा हात कुठला, नंतर घातलेलं काय. बर्लीचं अक्षर ओळखू येतं. त्याची इतर असंख्य टिपणं शिल्लक आहेत, ती शेजारी ठेवून ताडता येतात. फुली मूळ लेखनिकाची की नंतर घातलेली, यावर तुमच्या निबंधाचा अर्धा युक्तिवाद उभा राहतो. पान बांधणीत दुमडलेलं आहे हेही विसरू नका; दोन पानांच्या सांध्यात शिरलेली नावं चित्रात अर्धवट दिसतात.

आता चिन्हं. त्या काळात सगळ्यांना मान्य अशी चिन्हसूची नव्हतीच. सॅक्स्टनकडे डोंगर म्हणजे एका बाजूने सावली दिलेले उंचवटे, रान म्हणजे झाडांचे पुंजके, अमीर-उमरावांची शिकारीची राखीव कुरणं म्हणजे गोल कुंपण, गाव म्हणजे मनोरा असलेली इमारत आणि गाव मोठं असेल तर इमारतींचा घोळका. नद्यांवरचे पूल आहेत, पण रस्ते नाहीत! नवख्यांना याचं फार नवल वाटतं. जॉन नॉर्डन या दुसऱ्या नकाशाकाराने १५९३ च्या मिडलसेक्सच्या नकाशात रस्ते दाखवले, समासात अक्षरं-आकडे घालून चौकटी पाडल्या आणि चिन्हांचा खुलासाही छापला. त्यात बाजारगाव, पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव), वस्ती, राणीचे वाडे, सरदारांची घरं, किल्ले, मठ, इतकंच काय, लढाई झालेली आणि उजाड झालेली ठिकाणंही वेगळी ओळखू येतात. ती यादी जरूर तोंडपाठ करा. पण ती उचलून दुसऱ्याच्या हस्तलिखित नकाशावर चिकटवू नका. प्रत्येक हाताची आपली सवय असते, म्हणून त्या नकाशापुरती चिन्हसूची आपणच बांधायची. एक आकार निवडायचा, तो नकाशावर जिथे जिथे येतो ती सगळी ठिकाणं उतरवायची आणि तिथे तेव्हा खरोखर काय होतं हे बाहेरच्या पुराव्याने तपासायचं. आकाराचा लहान-मोठेपणा मुद्दाम केलाय की कागदावर जागाच उरली नव्हती, हे असं तपासल्याशिवाय ठरत नाही.

हे काम कंटाळवाणं आहे, आणि मला तरी सगळ्यात जास्त तेच आवडतं. बाहेरच्या पुराव्यासाठी व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरीचे लँकेशायरचे आठ खंड आहेत, १९०६ ते १९१४ मधले. ते ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर वाचता येतात. जागीर कुठली, कुणाकडून कुणाकडे गेली, घर कधी बांधलं, हे सगळं त्यांत सापडतं. जागा शोधायला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावरचे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी मोजणी खात्याचे जुने नकाशे बघा. सहा इंचाला एक मैल या प्रमाणावर इंग्लंडमध्ये अगदी सुरुवातीला मोजल्या गेलेल्या काउंट्यांत लँकेशायर होती, १८४० च्या दशकात. त्यामुळे नंतर गिरण्यांखाली नाहीशा झालेल्या कितीतरी जुन्या वाड्यांचा माग तिथे लागतो.

फुली म्हणजे प्रत्यक्षात काय, हे कळायला एखादं घराणं धरून बसावं. बर्नलीजवळच्या टाउनलीचा जॉन टाउनली घ्या. त्याच्या कुटुंबाच्या चित्रावर १६०१ चा मजकूर आहे: कॅथलिक धर्मापायी त्याला कुठकुठल्या तुरुंगांत टाकलं याची यादी, आणि दरमहा २० पौंडांप्रमाणे त्याने पाच हजार पौंडांहून जास्त दंड भरल्याची नोंद. एवढा पैसा भरूनही माणूस बधला नाही. हे वाचून नकाशाकडे परत गेलात की घरांमधली अंतरं वेगळ्या नजरेने मोजाल.

अंतरांवरून आठवलं. असला नकाशा क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे नकाशे हाताळायच्या (जीआयएस) सॉफ्टवेअरमध्ये टाकून आजच्या नकाशावर ताणून बसवायचा मोह सगळ्यांनाच होतो. सॅक्स्टनच्या बाबतीत ते काही अंशी फळतं, कारण त्याने खरंच मोजणी केली होती. जुलै १५७६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाने, वेल्सच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्रच आहे: या माणसाला मुलूख दिसेल अशा मनोऱ्यावर, गढीवर, टेकडीवर न्या, मुलखाची माहिती असलेली दोन-तीन भली माणसं बरोबर द्या आणि पुढच्या बाजारगावापर्यंत इंग्लिश आणि वेल्श दोन्ही बोलणारा घोडेस्वार द्या. आराखडावजा नकाशात मात्र चूक किती मैलांची हे काढून हाती काही लागत नाही. मैलसुद्धा कायद्याने १७६० यार्डांचा ठरला तो १५९३ मध्ये. त्याआधी प्रांतोप्रांतीचा मैल वेगळा आणि बहुधा लांब. त्यापेक्षा कोण कुणाच्या शेजारी दाखवलाय आणि नदीच्या कुठल्या काठावर, हे बघा. लँकेशायरचा उत्तरेकडचा फर्नेसचा भाग मोरकॅम उपसागरापलीकडे तुटलेला आहे. ओहोटीच्या वेळी वाळू तुडवून तिकडे जात. १९७४ पर्यंत तो याच काउंटीत होता. असल्या कोपऱ्यातल्या घरावर लंडनमधून नजर ठेवणं काय चीज असेल, हे नकाशाच्या प्रमाणपट्टीत सापडत नाही.

वाचनाचं सांगायचं राहिलं. नावं सेक्रेटरी हँडमध्ये, म्हणजे त्या काळच्या रोजच्या लिखाणाच्या वळणात असतात. त्यातला ई उलटा, एचचं शेपूट ओळीखाली लोंबतं, लांब एस एफसारखा दिसतो, यू आणि व्ही एकमेकांच्या जागी येतात. युनायटेड किंगडमच्या नॅशनल आर्काइव्ह्जचे ऑनलाइन धडे फुकट आहेत. रोज थोडं वाचलं तर डोळा बसतो. ज्यांनी पुण्यात मोडीचा वर्ग केला असेल त्यांना हे लवकर जमतं असं माझं निरीक्षण आहे, कारण अक्षर सुटं न बघता ओघात बघायची आणि नाव आधी अंदाजाने धरून मग तपासायची सवय त्यांना असते. स्पेलिंगवर विसंबू नका, मोठ्याने म्हणून बघा. दिनांक असेल तर लक्षात ठेवा, की तेव्हा इंग्लंडमध्ये साल २५ मार्चला बदलत असे.

मूळ वस्तू बघायचा हट्ट सुरुवातीला धरू नये. ब्रिटिश लायब्ररीत रीडर पास मिळतो, पण असल्या जपून ठेवलेल्या हस्तलिखितांसाठी चित्र का पुरत नाही हे पटवून द्यावं लागतं आणि सहसा शिफारसपत्रही लागतं. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर तिथली ऑनलाइन हस्तलिखितं दीर्घकाळ बंद होती, तेव्हा मिळालेलं चित्र आपल्याकडे नीट नोंदवून ठेवा: पान क्रमांक, कुठून घेतलं, कधी घेतलं. आत फक्त पेन्सिल चालते. भारतातून छोट्या संशोधनभेटीसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची अनुदानं असतात. अर्जात ‘मला एलिझाबेथन नकाशे आवडतात’ असं न लिहिता ‘या पानावरच्या फुल्या कुणी आणि कधी घातल्या हे मला शाईवरून ठरवायचं आहे’ असं लिहिलंत तर निवड करणाऱ्याला पुढे काहीतरी विचारता येतं.

पैशाचं बोलायचं तर हे क्षेत्र तेव्हाही बेभरवशाचंच होतं. सॅक्स्टनला थॉमस सेकफर्डसारखा पैसे पुरवणारा भेटला, शिवाय राणीकडून जमीन आणि नकाशे छापायचा दहा वर्षांचा हक्क मिळाला. नॉर्डनला तसा आश्रय लाभला नाही. त्याने योजलेल्या काउंटीवार वर्णनांच्या मालिकेतले मिडलसेक्स आणि १५९८ चं हर्टफर्डशर एवढेच भाग त्याच्या हयातीत छापून निघाले. आज फक्त जुन्या नकाशांवर पोट भरणारे मोजकेच. पण जुनं अक्षर वाचणं, कागदाची नोंद करणं आणि जीआयएस ही तिन्ही कामं येणारी माणसं आर्काइव्हना आणि ग्रंथालयांना लागतात. म्हणून एमएच्या प्रबंधाबरोबर निदान एका नकाशाची संपूर्ण नावसूची स्वतः करून ठेवा: नकाशावरचं स्पेलिंग, आजचं नाव, आजची जागा, चिन्ह, शाईचा थर आणि पुरावा, असे सहा रकाने. मुलाखतीत प्रबंध कुणी उघडत नाही, ही सूची मात्र हातात घेऊन बघतात.